डाग लोखंडाचा की तांब्याचा

व्हाइटफील्ड, बेंगळूरु
२८ ऑक्टोबर २०२५

श्रीमती रत्नाबाई विहीणबाई यांस भागुबाईचा नमस्कार.

माझं अक्षर बघून तुम्ही आधी पाकीट उलटं करून पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा वाचलं असेल. कावेरी आणि श्रीहर्षच्या लग्नाला चार वर्षं झाली. त्या लग्नात तुम्ही कार्यालयातलं पिण्याचं पाणी तपासून दोन पिंपं परत पाठवलीत आणि मी चारचौघींत म्हणाले, मुलीचं लग्न आहे की कॉलेजचं प्रॅक्टिकल. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. ते न बोलणं अजून चालू आहे. आज मीच ते मोडते, कारण मला त्या प्रॅक्टिकलचीच गरज पडली आहे.

मुलं ऑफिसच्या कामासाठी सहा आठवडे नेदरलँडला गेलीत, हे तुम्हाला माहीत आहे. इथलं घर माझ्यावर सोपवलंय. घर म्हणजे अंगणातला पोहायचा तलावसुद्धा. त्याचं पाणी बघायला परसू आठवड्यातून दोनदा येतो. चांगला माणूस, चिकोडीकडचा, पन्नाशीचा आहे. दिवाळीत तो गावी गेला. मी दिवाळी इथंच केली. तलावाचं पाणी खाली गेलं होतं म्हणून बोअर चालू करून भरलं, स्वल्प क्लोरीन टाकलं, आणि दोन दिवसांत सगळा तलाव आतून तपकिरी. पायऱ्या, भिंती, तळ. पांढऱ्या गिलाव्यावर कुणी चहाचं पातेलं ओतलंय असं वाटतं. ब्रशनं घासलं, काही जात नाही.

एवढ्या तेवढ्यासाठी तुम्हाला लिहिलं नसतं. मार्चमध्ये मी शिवाजीनगरच्या घरी जिन्यात पडले. हात मुरगळला, बाकी काही नाही. तेव्हापासून श्रीहर्षचं एकच चालू आहे, अम्मा, तू आता आमच्याकडेच राहायचं. इथली खालची खोली चांगली आहे, नाही म्हणत नाही. न्हाणीघरात धरायला दांड्या लावल्यात. पण शिवाजीनगरच्या त्या दोन खोल्यांत मी त्रेपन्न वर्षं काढली. खाली वेल्डिंगचं दुकान, पलीकडे बसस्टँड. सकाळी सहाला गलका सुरू झाला की मला उठावंसं वाटतं. इथं सकाळी नुसते पक्षी ओरडतात आणि ऑफिसच्या कॅब येतात. मला पक्ष्यांत करमत नाही.

निघताना श्रीहर्ष म्हणाला, "सहा आठवडे हे घर एकटीनं नीट सांभाळ. मग शिवाजीनगरचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाहीतर तू खालच्या खोलीत, आणि मग तू विषय काढायचा नाहीस." मी सरी म्हटलं, म्हणजे कबूल.

ती ३० नोव्हेंबरला येतात. त्याआधी तलाव पांढरा झाला पाहिजे. तुम्ही एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंत. काय करू, सांगा. मुलांना कळवू नये, ही विनंती.

आपली,
भागुबाई


टिळकवाडी, बेळगाव
३१ ऑक्टोबर २०२५

भागुबाई, नमस्कार.

पत्र पोचलं. त्या दोन पिंपांतलं पाणी खरोखर खराब होतं, एवढं सांगून तो विषय बंद करते.

कावेरीनं विचारलं नाही तर मी आपणहून सांगणार नाही. विचारलं तर खोटं बोलणार नाही. हे आधीच लिहून ठेवते.

तुमचं पत्र चांगलं आहे पण त्यात एकही आकडा नाही. तलाव किती लांब, किती रुंद, किती खोल, काही नाही. क्लोरीन किती टाकलं, तर ‘स्वल्प’. स्वल्प हे मोजमाप नव्हे. माझ्या वर्गात असं लिहिणाऱ्या मुलीला मी वही परत देत असे.

डाग कसला आहे हे कळल्याशिवाय त्यावर काहीही ओतायचं नाही. बहुतेक लोक उलट करतात. आधी ओततात, मग विचारतात. तलावातले डाग साधारण तीन तऱ्हांचे असतात. पालापाचोळ्याचे, लोखंडाचे आणि तांब्याचे. कुठला आहे ते घरच्या घरी ओळखता येतं. पुढचे तीन प्रयोग करा आणि जे दिसेल ते लिहा, जे दिसावंसं वाटतं ते नको.

पहिला. औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणा. पायरीवरच्या डागावर पाण्याखाली एक गोळी मिनिटभर दाबून धरा. गोळीखालची जागा उजळली तर लोखंडाचा संशय घ्यायचा.

दुसरा. तलावात टाकायच्या क्लोरीनची एक लहान गोळी दुसऱ्या डागावर तशीच धरा. हातमोजे घालून. त्यानं उजळलं तर पाचोळ्याचा डाग. दोन्ही गोळ्या एका हातात, एका वाटीत, एका खिशात ठेवायच्या नाहीत. क्लोरीन आणि आंबट पदार्थ एकत्र आले की विषारी वायू निघतो. परसूलाही हे सांगा आणि त्याच्याकडून परत म्हणून घ्या.

तिसरा. बोअरचं ताजं पाणी पांढऱ्या बादलीत घ्या. त्यात चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाका आणि तासभर बघा.

तोपर्यंत तलावात क्लोरीन बंद. घासणं बंद. तलाव रिकामा करून पुन्हा भरण्याचा विचार मनात आला असेल तर तोही बंद. हजारो लिटर पाणी गटारात सोडायचं आणि पुन्हा त्याच बोअरनं भरायचं, यात काय शहाणपण आहे?

रत्नाबाई


व्हाइटफील्ड
४ नोव्हेंबर २०२५

रत्नाबाई, नमस्कार.

घ्या आकडे. लांबी आठ मीटर, रुंदी चार, पाणी सरासरी एक मीटर वीस सेंटिमीटर. परसूनं दोरी धरली आणि मी वाचलं. गुणाकार तुम्ही करा, मी वाणिज्य शाखेतसुद्धा गेले नव्हते.

गोळ्यांचं असं झालं. पायरीवर उतरून खाली वाकले तर डोकं पाण्यात आणि कंबर वर. परसू म्हणाला, "अक्का, पायाच्या अंगठ्यानं दाबा की." म्हणून दुसऱ्या पायरीवर उभी राहून, एका हातानं दांडा धरून, अंगठ्याखाली गोळी ठेवून मिनिट मोजलं. परसू घड्याळ बघत होता. चाळीस सेकंदांनी त्याला विचारलं किती झाले, तर बोलेना. तोंडात गोळी. म्हणाला, "चव बघितली, लहानपणी शाळेत द्यायचे तसली." त्याला सोडून मी मनातच वीस मोजले.

पाय उचलला आणि विहीणबाई, खाली रुपयाएवढी पांढरी जागा. मी पंधरा ठिकाणी करून बघितलं. पायरीवर आता ठिपक्याठिपक्यांचं लुगडं दिसतंय.

क्लोरीनच्या गोळीनं काही झालं नाही. हातमोजे घातले होते. परसूनं तुमची सूचना दोनदा म्हणून दाखवली, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये.

बादली मात्र बघण्यासारखी. बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ. ब्लीचिंग टाकलं, अर्ध्या तासात पिवळं, तासाभरात गूळपाणी. परसूनं बादली कलती करून बघितली. मग म्हणाला, "हेच पाणी आम्ही वर्षभर स्वच्छ म्हणून भरतोय."

क्लोरीन दोन-तीन मूठ टाकलं असेल.

आता काय?

भागुबाई


टिळकवाडी, बेळगाव
७ नोव्हेंबर २०२५

भागुबाई, नमस्कार.

प्रयोग नीट केलात. पंधरा ठिकाणी करण्याची गरज नव्हती, पण हात आखडण्यापेक्षा बरं. परसूला पुन्हा गोळी दिली तरी चालेल, व्हिटॅमिन सीनं त्याला काही होणार नाही.

निदान स्पष्ट आहे. लोखंड. ते बोअरच्या पाण्यात विरघळलेलं असतं म्हणून दिसत नाही. क्लोरीन पडलं की ते गंजतं आणि गिलाव्यावर जाऊन बसतं. तुम्ही डाग जावा म्हणून क्लोरीन टाकत राहिला असाल तर दर मुठीला डाग वाढवत होता. दोन-तीन मुठींनी मात्र एवढं होत नाही. पण आकडा तुमचा आहे, मी तो मानते.

तलावात साधारण अडतीस हजार लिटर पाणी आहे. आता क्रमानं करा.

पाणी तपासायच्या पट्ट्या परसूकडे असतील. क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्या. ऊन आहे, चार-पाच दिवसांत येईल. त्याआधी औषध टाकलंत तर उरलेलं क्लोरीनच ते खाऊन टाकेल आणि तुम्ही मला दोष द्याल.

अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे तीच व्हिटॅमिन सी, पावडर अर्धा किलो आणा. गोळ्या नकोत. चिकपेटच्या बाजूला रसायनांची ठोक दुकानं आहेत, तिथं मिळेल. पंप चालू ठेवून तलावाच्या कडेकडेनं, डागांवर येईल अशी शिंपडा. सकाळी करा. तासाभरात फरक दिसला पाहिजे.

डाग गेला म्हणजे लोखंड गेलं असं नाही. ते पुन्हा पाण्यात विरघळलं, एवढंच. म्हणून लगेच धातू धरून ठेवणारं औषध टाकायचं. दुकानात मेटल सिक्वेस्टरंट म्हणून मागा, मात्रा डब्यावर असते. मग दिवसरात्र फिल्टर चालवा आणि तो धूत राहा. पीएच सात पॉइंट दोनच्या आसपास. क्लोरीन आठवडाभर थोडं थोडं करून चढवा, रोज पट्टी बघून. एकदम ओतलंत तर पुन्हा चहाचं पातेलं.

आणि यापुढे बोअरचं पाणी भरायचं तेव्हा नळीच्या तोंडाला लोखंड पकडणारा फिल्टर लावा. हे मुलं आल्यावर त्यांच्याकडून करून घ्या.

रत्नाबाई


व्हाइटफील्ड
१६ नोव्हेंबर २०२५

रत्नाबाई, नमस्कार.

तुमच्या हाताला यश आहे. पाच दिवस वाट बघितली, क्लोरीन शून्य झालं. परसू चिकपेटला गेला. दुकानदारानं विचारलं, सरबताचा कारखाना आहे का. परसू म्हणाला, तलावाला सर्दी झालीय.

काल सकाळी पावडर शिंपडली. पाऊण तासात तपकिरी रंग असा उतरला की परसूनं हात जोडले. त्याला म्हटलं, बेळगावकडे तोंड करून जोड. दुसरं औषधही टाकलं. फिल्टर चालू आहे. आता तुम्हाला अधिक त्रास देत नाही. तुमचे उपकार विसरणार नाही.

आपली,
भागुबाई

ता. क. सहज विचारते. डाग गोल असतील तर ते वेगळे असतात का?


टिळकवाडी, बेळगाव
१८ नोव्हेंबर २०२५

भागुबाई,

गोल डागांबद्दल सहज कुणी विचारत नाही.

किती आहेत? किती मोठे? रंग कोणता? कुठं आहेत? आणि तिथं काय ठेवलं होतं?

व्हिटॅमिन सीनं लोखंड गेलं आणि हे मागे राहिले, म्हणजे ते आधीपासून तिथं होते आणि तपकिरी थराखाली झाकले गेले होते. म्हणजे पहिल्या दिवशी मला अर्धाच रोगी दाखवलात. एकतीस वर्षांत मुलींनी मला फुटलेल्या चंबूबद्दल जेवढं सांगितलं, त्याहून जास्त मला काचेच्या तुकड्यांवरून कळलं. लिहा.

रत्नाबाई


व्हाइटफील्ड
२१ नोव्हेंबर २०२५

रत्नाबाई, नमस्कार.

सहा आहेत. चार ताटलीएवढे, एक परातीएवढा, एक त्याहून मोठा. निळसर हिरवे, कडेला काळपट. सगळे वरच्या रुंद पायरीवर, ओळीनं.

आता सांगते. रागावायचं ते शेवटी रागवा.

आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचा सण असतो. तुमच्या बाजूलाही असेल. हंडे-कळशा चिंचेनं लख्ख घासायच्या, पाणी भरायचं, चुना-काव लावून, वेल गुंडाळून पूजा करायची, सकाळी त्याच पाण्यानं अभ्यंगस्नान. सासूबाईंपासून एकदाही चुकलं नाही. आता या घरात भरायचं कशात? भिंतीत गीझर आणि वर फवारा. फवाऱ्याला वेल कुठं गुंडाळायची? म्हणून मी शिवाजीनगरहून तांब्याची सहा भांडी आणली होती. मोठा हंडा, घागर आणि चार कळशा. घासून भरली, आणि मनात आलं, या घरातलं सगळ्यांत मोठं पाण्याचं भांडं तर हा तलावच आहे. मग पूजा याच्यापाशीच का नको? वरच्या पायरीवर वीतभर पाणी असतं. तिथं सहाही भांडी ओळीनं मांडली. दिवे लावले. इतकं छान दिसत होतं, तुम्हीसुद्धा काही बोलला नसता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यातल्या एका कळशीनं आंघोळ केली, ती परत जागेवर ठेवली आणि ऑटो करून शिवाजीनगरला गेले. घर बंद करून. चार दिवस. दिवाळी इथं केली असं लिहिलं होतं, ते खोटं. दिवाळीत माझ्या जिन्यावर पणती नाही, हे मला सोसेना. भांडी पाण्यातच आहेत, पाण्याला काय होतंय, असं वाटलं.

चोवीसला आले. भांडी उचलली तर खाली ही वर्तुळं. भांडीसुद्धा काळवंडलेली. मी घाबरले. कपड्यावरचे डाग ब्लीचिंगनं जातात म्हणून क्लोरीनचा डबा आणला. दोन-तीन मूठ नाही, रत्नाबाई. अर्धा डबा. अडीच किलो तरी असेल. पाणी खाली गेलं होतं म्हणून बोअर सोडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

तपकिरी झाल्यावर वर्तुळं दिसेनाशी झाली, तेव्हा खरं सांगू, मला बरंच वाटलं होतं.

नऊ दिवस राहिलेत. तलावाला सहा डोळे फुटलेत आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

भागुबाई


टिळकवाडी, बेळगाव
२४ नोव्हेंबर २०२५

भागुबाई, नमस्कार.

रागावणार होते. मग फवाऱ्याला वेल गुंडाळायचं वाचलं आणि पाच मिनिटं हसले. शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

आधी माझी चूक. तुम्ही तपकिरी म्हणालात आणि मी तेवढ्यावर थांबले. तिथं आधी काय ठेवलं होतं, हा प्रश्न मी पहिल्याच पत्रात विचारायला हवा होता. निदान अर्धं झालं. मी चुकले.

आता उपाय. हा तांब्याचा डाग. क्लोरीनच्या पाण्यात भांडं चार दिवस उभं राहिलं, बुडाचं तांबं सुटलं आणि जागच्या जागी गिलाव्यावर बसलं. व्हिटॅमिन सी याला फारशी लागू पडत नाही. किराणा दुकानातून लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आणा, अर्धा किलो. जुने सुती मोजे घ्या. प्रत्येकात मूठभर, बरोबर एक मूठ, घालून तोंड बांधा. क्लोरीन पुन्हा अगदी खाली येऊ द्या. फार चढवलं नसेल तर दोन दिवस पुरतील. मग पंप थांबवून मोजा वर्तुळावर ठेवा. दर पंधरा मिनिटांनी उचलून बघा आणि सरकवा. विसरून चार तास ठेवायचा नाही, आंबटानं गिलावा खाल्ला जाईल. रंग उतरला की पंप चालू आणि धातू धरणारं तेच औषध पुन्हा. दिवसाला दोन वर्तुळं करा. घाईत सहाही करू नका.

भांडी चिंचेनं घासा. तलावापासून लांब.

आणखी एक. हे रसायनशास्त्र नाही, पण लिहिते.

मार्चमध्ये तुम्ही पडलात. ‘हात मुरगळला, बाकी काही नाही’ असं मला लिहिलंत. कावेरीनं मला तेव्हाच सांगितलं होतं की मनगटाला बारीक चीर होती आणि मुलांना ते नवव्या दिवशी कळलं, तेही टेबलावर एक्स-रे दिसला म्हणून. तुमच्या पत्रात ते नऊ दिवस नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे श्रीहर्षला तुमच्या जिन्याची भीती वाटत नाही. त्याला त्या नऊ दिवसांची वाटते. जिन्याला कठडा लावता येतो.

तलाव पांढरा झाल्यावर त्याला सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. त्यासाठी माझ्याकडे पट्टी नाही.

रत्नाबाई


व्हाइटफील्ड
२९ नोव्हेंबर २०२५

रत्नाबाई, नमस्कार.

उद्या दुपारी ती येतात. आज सकाळी शेवटचं वर्तुळ गेलं. मोठ्या हंड्याचं, फार चिवट. परसू आणि मी पायरीवर स्टूल टाकून बसलो होतो, तो मोजे सरकवायचा आणि मी मिनिटं मोजायची. मोजे श्रीहर्षचे, शाळेतले. कपाटात जपून ठेवले होते, कशाला ते मला आज कळलं.

तलाव असा झालाय की आत आकाश दिसतं. कुणाला काही कळणार नाही.

तुमचं शेवटचं पान मी तीनदा वाचलं. तुमचं सगळं खरं आहे. पण सांगणार नाही. सहा आठवडे घर सांभाळ, असं तो म्हणाला होता. सांभाळलं. जिंकत आलेला डाव मी आपल्या हातानं उधळू? तुम्ही विहीण आहात, वकील असता तर माझी बाजू घेतली असती.

भागुबाई


टिळकवाडी, बेळगाव
२ डिसेंबर २०२५

भागुबाई,

सहा डाग गेले, गिलावा शाबूत. विद्यार्थिनी म्हणून तुम्हाला पहिला वर्ग.

काल कावेरीचा फोन आला. तलाव किती छान ठेवलाय अम्मांनी, असं चार वेळा म्हणाली. तिनं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. शब्द दिला होता. पण फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

रत्नाबाई


शिवाजीनगर, बेंगळूरु
९ डिसेंबर २०२५

रत्नाबाई, नमस्कार.

वरचा पत्ता वाचलात ना? पुन्हा वाचा. आता क्रमानं सांगते, तुम्हाला तसं आवडतं.

श्रीहर्ष तीस तारखेला आला तो बॅगा दारात टाकून सरळ तलावाकडे. पाच मिनिटं उभा राहिला. म्हणाला, "अम्मा, तू जिंकलीस." मी रात्रीच्या जेवणात खीर केली. सोमवारी माझं सामान बांधायला घेतलं. सगळं माझ्या मनासारखं.

गुरुवारी परसू आला होता. श्रीहर्ष त्याच्याबरोबर औषधांचं कपाट बघत होता, आणि क्लोरीनचा डबा त्याच्या हाताला हलका लागला. "परसू, हा नवा डबा होता. जानेवारीपर्यंत पुरायला हवा. कुठं गेलं?"

परसूनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "साहेब, माझ्या हातून सांडलं."

"पाच किलोच्या डब्यातलं अर्धं सांडलं? आणि सांगितलं नाहीस? असं कसं चालेल, परसू?"

परसू मान खाली घालून उभा. पन्नाशीचा माणूस, दोन मुली कॉलेजात, माझ्यासाठी बोलणी खातोय. आणि मी आत चिवड्याचा डबा बांधतेय.

मी बाहेर गेले. म्हटलं, "परसू, गप. सांडलं नाही. मी ओतलं."

मग तिथंच, तलावाच्या काठावर, सगळं सांगितलं. भांडी, पूजा, चार दिवस घराला कुलूप, डबा, बोअर, मोजे. तोंडानं सांगून पुरेना म्हणून आपली पत्रं आणून दिली. तुमची होती, आणि मी पाठवण्याआधी उतरवून ठेवलेली माझीही होती. श्रीहर्षनं उभ्यानं सगळी वाचली. कावेरी त्याच्या खांद्यावरून वाचत होती. चोवीस तारखेच्या पत्रावर ती थांबली आणि म्हणाली, "आईनं ‘मी चुकले’ लिहिलंय? अम्मा, हे पत्र मी ठेवून घेते." मी देऊन टाकलं. राग मानू नका.

श्रीहर्षनं उरलेल्या पत्रांची घडी घातली. मी म्हटलं, "सरी, मी हरले. खालची खोली झाडून घे."

तो पायजमा वर करून काठावर बसला, पाय पाण्यात सोडले. म्हणाला, "पहिल्याच दिवशी मला फोन का नाही केलास?"

"तू तिकीट काढून परत आला असतास."

"नसतो आलो. म्हटलं असतं, बेळगावच्या आईंना विचार."

"ते मला तुझ्याआधी सुचलं," मी म्हटलं. तेव्हा तो हसला. मग परसूपाशी गेला आणि त्याची माफी मागितली. तेही मला बघायला मिळालं.

परत येऊन म्हणाला, "आज डबा उघडला नसता तर मला कधी कळलं असतं?"

"कधीच नाही," मी म्हटलं. खोटं बोलून काय उपयोग, सगळी पत्रं त्याच्या हातात.

"पण आज सांगितलंस. परसू निभावून नेत होता, तरी सांगितलंस." हे तो मला म्हणाला की स्वतःला, कोण जाणे. मग म्हणाला, "जा तू शिवाजीनगरला. जिन्याला कठडा मी लावून देतो. अट एकच. काही बिघडलं, सांडलं, फुटलं, दुखलं, तर त्याच दिवशी मला कळलं पाहिजे. लहान की मोठं, ते तू ठरवायचं नाही."

तुमच्या त्या शेवटच्या पानाचं म्हणणं त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. म्हणून तुम्हाला आधी कळवते, तुमचं निदान या वेळी पूर्ण होतं.

रविवारी इथं आले. सोमवारी सहाला खालच्या दुकानात पहिला ठोका पडला आणि मी उठून बसले. चहाला आधण ठेवलं तर स्वयंपाकघरातला नळ टिपटिप गळतोय. सहा वाजून दहा मिनिटांनी श्रीहर्षला फोन केला. तो झोपेत म्हणाला, "बरं केलंस, अम्मा." आठला दुधाचं भांडं उतू गेलं. सांगितलं. साडेदहाला डाव्या गुडघ्यात कळ आली आणि गेली. सांगितलं. तेव्हा तो मीटिंगमधून उठून बाहेर आला होता. दुपारी एकला कपाटाची किल्ली सापडेना. फोन लावला तर सापडली, पण लागलेला फोन कसा तोडायचा, म्हणून तेही सांगितलं.

आज सकाळी सुईनं बोट टोचलं. फोन कावेरीनं घेतला. आधी तिकडे काहीतरी कुजबुज झाली. मग म्हणाली, "अम्मा, हे विचारतायत, अट स्वल्प सैल करू या का?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

तुमची,
भागुबाई